तीन लाखांचा इसार

समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे मोळीत बांधून एक माणूस शूर्पारकाच्या रस्त्याने चालला आहे आणि चालता चालता थंडीने कुडकुडतो आहे. वाटेत भेटलेला एक तरुण त्याला कारण विचारतो. मोळीवाल्यालाही ते ठाऊक नाही. ओझे उचलल्यापासून असे होते आहे, एवढेच तो सांगतो. तरुण मोळीत नीट पाहतो. जळाऊ लाकडांमध्ये त्याला गोशीर्ष चंदन दिसते. कडक ताप उतरवणारे म्हणून जुन्या भारतात ज्याचा लौकिक होता, ते अतिशय थंड प्रकृतीचे, अतिशय महाग चंदन. तरुण मोळीची किंमत विचारतो. पाचशे कार्षापण, असे उत्तर येते. तरुणाच्या कनवटीला त्या वेळी वहिनीने पदराच्या गाठीतून सोडून दिलेले एकच नाणे आहे, आणि तेही घरातल्या उपाशी पोरांसाठी काही खायला आणायला दिलेले. तरी तो मोळी घेतो.

ही गोष्ट ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातल्या ‘पूर्णावदाना’त येते. तरुणाचे नाव पूर्ण. शूर्पारक म्हणजे सोपारा, आजच्या वसई-विरार महानगरपालिकेतले. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला रिक्षाने थोडे आत गेले की ते गाव लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक समुद्रवृत्तान्तात हे बंदर ‘सुप्पारा’ म्हणून नोंदलेले आहे. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा उकरला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक होता, आणि त्यात एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक. पूर्णाची कथा इतिहास म्हणून वाचायची नसते. पण तिच्यातला बाजार, त्यातली भाषा, इसार, संघाचा ठराव, दंड आणि उधारी, हे सगळे ज्या कोणी रचले त्याला व्यापार आतून माहीत होता. धंदा सुरू करताना माणसाने स्वतःच्या निश्चयावर किती आणि कशाच्या जोरावर विसंबावे, या प्रश्नाचा इतका बारकाईने विचार करणारी दुसरी जुनी गोष्ट मराठी मुलखात सहज सापडणार नाही.

पूर्ण दासीपुत्र होता. त्याचा बाप भव हा शूर्पारकातला श्रीमंत गृहपती. तो आजारी पडला तेव्हा त्याच्या कडक बोलण्याला विटून बायको-मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि घरातल्या एका दासीने वैद्याला विचारून औषधपाणी करत त्याला बरे केले. पूर्ण हा तिचा मुलगा. तिघे थोरले भाऊ लग्नानंतर नटण्यामुरडण्यात रमले. ते पाहून बापाने खंत बोलून दाखवली, तेव्हा सगळ्यात थोरल्याने कानांतली मौल्यवान कुंडले उतरवून लाकडाची घातली आणि लाखाची कमाई झाल्याशिवाय ती काढायची नाहीत असे ठरवले. ओशाळलेले थोरले समुद्रावर गेले. पूर्णालाही जायचे होते, पण तो लहान म्हणून बापाने त्याला पेढीवर बसवले. थोरले कमाई करून परतले, तेव्हा पेढीवर बसलेला धाकटाही त्यांच्या मागे नव्हता. पुढे बापाच्या पश्चात भावांत वाटणी झाली आणि पूर्ण थोरल्या वहिनीबरोबर आणि तिच्या पोरांबरोबर रिकाम्या हाताने घराबाहेर पडला. मोळीवाला भेटला तो त्यानंतर.

पेढीवर बसण्याचा हा भाग कथेत दोन-चार वाक्यांत उरकतो. वाचणाराही तो भरभर ओलांडतो. त्याच्यापाशी मात्र थांबायला हवे. पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. पूर्णाला आठ परीक्षा येत होत्या, असे कथा सांगते: वास्तूची, रत्नांची, लाकडाची, कापडाची, हत्ती-घोड्यांची वगैरे. त्या काळच्या व्यापाऱ्याच्या मुलाचे हे शिक्षण. माल हातात घेऊन, वास घेऊन, उजेडात धरून, गिऱ्हाइकाशी घासाघीस होताना ऐकून येणारी ही विद्या आहे. मोळीवाला दररोज लाकडे वाहत असेल. त्याला अंगाला वाजणारी थंडी जाणवली, तिचे कारण कळले नाही. पूर्णाला थंडी जाणवलीही नव्हती, दुसऱ्याला ती वाजताना दिसली तेवढ्यावर तो थांबला, विचारले आणि पाहिले. त्याच्या निश्चयाचा उगम इथे आहे. त्याला स्वतःबद्दल फार खात्री होती असे कथा कुठेही म्हणत नाही. खात्री होती ती लाकडाबद्दल.

धंद्यात आत्मविश्वास हवा, असे नव्या उद्योजकाला जो तो सांगतो. पण स्वतःवरचा विश्वास आणि वस्तूच्या ओळखीतून आलेला विश्वास या निराळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. दोन्हींतला माणूस लोकांचे ऐकत नाही, दोघेही हट्टी वाटतात. फरक कळतो तो प्रश्न विचारल्यावर. ज्याचा विश्वास मालावर आहे तो मालाबद्दल तासभर बोलतो, त्यातले दोषही सांगतो.

मोळी घेतल्यावर पूर्णाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्याने चंदनाचे चार तुकडे कापून वेगळे केले. करवतीखाली पडलेला भुसा विकला, त्याचे हजार कार्षापण आले. त्यातले पाचशे मोळीवाल्याला दिले आणि उरलेली साधी लाकडे त्याच्याच डोक्यावर देऊन वहिनीकडे पाठवली. म्हणजे ज्या मालावर सारी भिस्त, त्याला हात न लावता केवळ भुशातून त्याने मोळीची किंमत चुकती केली आणि तेवढेच भांडवल उभे केले. भुसा विकला गेला, हजाराला गेला, याचा अर्थ ओळख खरी होती हे बाजाराने सांगितले. आजच्या भाषेत ही चाचणी-विक्री. खात्री असलेल्या माणसानेही ती केली, हे या कथेतले शहाणपण.

वहिनीच्या दारात लाकडे येऊन पडली, तेव्हा तिने ऊर बडवून घेतला. संपत्ती गेली ती गेली, आता याची अक्कलही गेली, असे तिला वाटले. शिजलेले आणायला सांगितले तर यांनी जळण पाठवले, आणि शिजवायला घरात दाणा नाही. तिचे चुकले असे कोण म्हणेल? नव्याने धंद्यात पडलेल्या प्रत्येकाच्या घरी हा क्षण येतो. पगार येत होता तिथे लोखंडाचा साचा येऊन पडतो, घरात दूध हवे असताना पॅकिंगच्या खोक्यांची थप्पी लागते. घरच्यांचा विरोध हा बहुतेक वेळा अविश्वास नसतो. त्यांच्यासमोर फक्त लाकडे असतात, चंदन नसते. पूर्णाने वहिनीला समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. थोड्या वेळाने तो दाणागोटा, कपडे, गाई-म्हशी आणि नोकरचाकर घेऊन घरी आला. शंकेला त्याने असे उत्तर दिले. ते त्याच दिवशी देता आले, हे त्याचे भाग्य. पुष्कळांना वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत घर कसे तगते, याची नोंद कुठल्याच उद्योजकाच्या चरित्रात पुरेशी होत नाही.

मग शूर्पारकाच्या राजाला दाहज्वर झाला. वैद्यांनी गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला. शोधाशोध होता होता माणसे पूर्णापर्यंत पोचली. राजा बरा झाल्यावर त्याने पूर्णाला बोलावले. पूर्णाने एक तुकडा हातात घेतला, तीन वस्त्रात गुंडाळले. एका तुकड्याची किंमत एक लाख सुवर्ण सांगितली. आणखी आहे का, असे राजाने विचारताच उरलेले तीन काढून दाखवले. राजा चार लाख द्यायला निघाला. पूर्णाने तीनच घेतले, चौथा तुकडा राजाला भेट म्हणून दिला, आणि राजाने वर माग म्हटल्यावर एवढेच मागितले की तुझ्या राज्यात माझा अपमान होऊ नये. दासीपुत्राने मागितलेला हा वर त्याच्या पुढच्या धंद्याला सोन्याहून जास्त उपयोगी पडला.

इथे दैवाचा वाटा मोठा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. राजाला ताप आला नसता तर चंदन घरात पडून राहिले असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने 1921 च्या आपल्या ग्रंथात मोजता येणारी जोखीम आणि मोजताच न येणारी अनिश्चितता यांत भेद केला आणि धंद्यातला खरा नफा दुसरीतून येतो असे मांडले. पहिलीसाठी विमा उतरवता येतो, दुसरीसाठी येत नाही. राजाचा ताप या दुसऱ्या प्रकारातला. पूर्णाच्या हाती होते ते इतकेच: ताप येईल त्या दिवशी चंदन घरात असणे, आणि ते आपल्याकडे आहे ही गोष्ट बाजारात चार लोकांना माहीत असणे.

थोड्याच दिवसांत पाचशे व्यापाऱ्यांचे जहाज मालाने भरून शूर्पारकाला लागले. नगरातल्या वणिक्-संघाने ठराव केला की कोणी एकट्याने जाऊन माल घ्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून घ्यायचा, आणि मोडेल त्याला साठ कार्षापण दंड. पूर्ण एकटा धक्क्यावर गेला. भाव विचारला. अठरा लाख सुवर्ण. तीन लाख इसार घ्या, बाकी नंतर देतो, असे म्हणून त्याने सौदा केला आणि सगळ्या मालावर आपली मुद्रा उमटवली. राजाकडून मिळालेले नेमके तीन लाख. मोळी घेताना त्याने गमावण्यासारखे फारसे काही लावले नव्हते. या वेळी मात्र होते ते सगळे लावले आणि वर पंधरा लाखांचे देणे अंगावर घेतले.

संघाने त्याला पकडले, दंड मागितला आणि तो देईपर्यंत उन्हात उभे केले. ज्यांच्याबरोबर उद्या व्यवहार करायचा, त्यांच्यासमोर भर उन्हात उभे राहणे साधे नाही. परका माणूस विरोध करतो त्याचे फार वाटत नाही. आपल्याच पेठेतले, आपलाच व्यवसाय करणारे लोक एकत्र येऊन चुकलास म्हणतात, तेव्हा आतून डळमळायला होते. राजापर्यंत बातमी गेली. पूर्णाने राजासमोर एकच प्रश्न मांडला: हा ठराव झाला तेव्हा मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते का? बोलावले नव्हते. ज्या नियमाच्या बैठकीत जागा नव्हती, तो नियम कशाने बांधील? राजाने त्याला सोडवले. पूर्णाने आपण हुशार आहोत असा दावा केला नाही, संघ दुष्ट आहे असे म्हटले नाही, एका वस्तुस्थितीकडे बोट दाखवले. उन्हात उभे राहूनही डोके थंड असलेल्या माणसाचे हे बोलणे आहे.

पुढे राजाला त्या मालातले काही हवे झाले आणि संघाला ते पूर्णाकडूनच घ्यावे लागले. घेतल्या भावाने दे, असे त्यांनी म्हणून पाहिले. घेतल्या भावाने विकणारा व्यापारी कसला, असे म्हणून त्याने दुप्पट सांगितले. त्या विक्रीतून आलेल्या पैशात जहाजवाल्यांचे पंधरा लाख चुकते झाले आणि उरलेला माल घरी राहिला. भुशाचाच हिशेब मोठ्या आकड्यांत पुन्हा झाला: मालाच्या एका भागातून सगळे देणे फेडायचे आणि उरलेला भाग आपला. धाडसी दिसणाऱ्या माणसाला आपली पद्धत असते. ती ओळखली तर धाडसाचे निम्मे गूढ उकलते. त्यानंतर पूर्णाने सहा वेळा समुद्रयात्रा केली आणि सहाही वेळा जहाज सुखरूप परत आणले. सातव्या यात्रेत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचने म्हणत होते, ती ऐकून त्याने व्यापार सोडला आणि तो भिक्षू झाला. तो वेगळा विषय आहे.

निश्चय आणि पेठेचा समज यांची झुंज महाराष्ट्राने विसाव्या शतकातही पाहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पूर्णाला जसा राजा भेटला तसा लक्ष्मणरावांनाही भेटला, ही गोष्ट उगाच विसरली जाते. एकट्याच्या निश्चयाच्या कथा सांगताना त्याच्या पाठीशी उभे राहिलेले माणूस सांगणाऱ्याच्या हातून निसटते.

सगळ्यांना राजा कुठून मिळणार? वसईच्या बागायतदाराला तो मिळाला नाही. एप्रिल 1867 मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक लोकल गाडी सुरू झाली आणि या पट्ट्याला मुंबईचा बाजार जवळ आला. भाजी, केळी, फुले, पान, दूध गाडीत चढवून शहरात नेणाऱ्यांच्या पिढ्या इथे झाल्या. पण माल पोचवायची सोय झाली तरी विहीर, बैल, बियाणे यांसाठी लागणारा पैसा सावकाराकडेच होता. 1918 मध्ये वसईतले धर्मगुरू मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतपेढी काढली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक, पापडीला मुख्य कार्यालय असलेली. शेजारच्याची बाग, त्याची मेहनत, त्याचा शब्द ओळखणाऱ्या लोकांनी आपली बचत एकत्र करून त्याच्या निश्चयाला इसार पुरवायचा, असा तो विचार होता. पूर्णाला लाकडाची परीक्षा येत होती. पतपेढीच्या पंचांना माणसांची परीक्षा यावी लागते, आणि ती तितकीच अवघड आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ ती संस्था टिकली, यातच तिच्या संस्थापकाची ओळख खरी ठरली.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात आज गाळ्यांच्या रांगा आहेत. भाड्याने घेतलेला एक गाळा, एखाद-दुसरे प्रेस मशीन, चार कामगार. या गाळ्यांमध्ये धंदा करणारे बरेचसे लोक आधी दुसऱ्याच्या गाळ्यात कामाला होते. साचा कुठे अडतो, कुठला कच्चा माल पावसाळ्यात दगा देतो, कोणते गिऱ्हाईक पैसे थकवते, हे त्यांनी मजुरीवर असताना पाहिलेले असते. त्यांची ही पेढीवरची वर्षे. अशा माणसाने गाळ्याची अनामत भरली, तर त्याला घाई झाली आहे असे म्हणू नये. उलट ज्याने एकही दिवस त्या मशीनजवळ काढला नाही आणि नुसत्या ऐकीव नफ्यावर घर गहाण ठेवले, त्याला कितीही ठाम वाटत असले तरी थांबवावे. ज्यांना थांबवायला हवे ते आणि ज्यांना पाठीवर हात हवा ते, दोघेही एकाच आवेशात बोलतात. म्हणून त्यांच्या आवेशाकडे न पाहता ते काय ओळखतात हे विचारावे.

ओळखीची ही विद्या वसईत एका पदार्थात अजून जिवंत आहे. आगाशी आणि भोवतालच्या गावांत राजेळी केळ्यांची सुकेळी होते. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनेही आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी केली आहे. राजेळी पिकवायची, सोलायची, कोरड्या उन्हात दिवसेंदिवस वाळवायची, रात्री दवापासून जपायची. त्यात साखर नाही की तेल नाही. सगळे काम नजरेचे आणि बोटांचे. केळे किती पिकल्यावर सोलायचे, हे चुकले तर ते काळे पडते किंवा लिबलिबीत राहते. ऊन कधी पुरेसे झाले, हे बोट दाबून कळते. त्याला लिहिलेले माप नाही. बागा उठल्या, तिथे इमारती आल्या, राजेळी लावणारे कमी झाले, आणि करणारे हात म्हातारे होत चालले आहेत. अलीकडे काही तरुण मंडळी हा व्यवसाय पुन्हा उभा करू पाहत आहेत. त्यांना बाजार आहे, मुंबई दारात आहे, कर्ज मिळू शकते. त्यांना उणीव भासते ती त्या बोटांची.

आगाशी, नंदाखाल, गास, भुईगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी सुकेळी केली जात होती, त्या आजी-आजोबांनी येत्या हंगामात राजेळीचा एक तरी घड घरच्या तरुणाच्या हाताने सोलून, वाळवून घ्यावा. तो पुढे धंदा करो वा न करो, केळे कधी तयार होते हे त्याच्या बोटांना कळलेले असावे.